आमच्या गावची दंगल



आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. मालेगावचा मनुष्य दंगलीवर बोलणार, म्हणजे आता संचारबंदी, अश्रुधूर आणि चौकशीचे अहवाल ऐकावे लागणार, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून आधीच खुलासा करून टाकतो. आमच्या लहानपणी, म्हणजे साधारण १९५५ ते १९६५ या दहा वर्षांत, आम्हां मुलांना ‘दंगल’ या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता, आणि तो म्हणजे कुस्त्यांचा फड. ‘उद्या दंगल आहे’ असे कोणी म्हटले की आया पोरांना घरात कोंडून ठेवीत नसत. उलट खिशात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा घालून ‘दिवेलागणीच्या आत या’ म्हणून बाहेर काढीत. दुसरा अर्थ आम्ही फार उशिरा शिकलो. तो शिकल्यावर पहिला कोठे गेला, हे शोधण्याचा आजचा हा प्रयत्न आहे.

आमचे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी मुंबई-आग्रा रस्त्याने जाता जाता पाहिले असेल. पण उतरून पाहिलेले थोडेच असतील. मोसम नदी गावाच्या मधून वाहते आणि पुढे गिरणेला मिळते. येथला भुईकोट किल्ला नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४० च्या सुमारास बांधला. नाशिकला गोदाकाठी ज्यांची घंटा आहे, तेच हे नारोशंकर. पेशवाई बुडाली त्या १८१८ सालच्या उन्हाळ्यात या किल्ल्यातल्या अरब शिबंदीने इंग्रजी फौजेला अनेक दिवस झुंजविले, आणि मगच किल्ला खाली केला. पुढे १८५७ च्या धामधुमीनंतर आणि उत्तरेतल्या दुष्काळांनंतर तिकडचे विणकर आग्रा रस्ता धरून दक्षिणेकडे आले आणि मोसमेच्या काठी थांबले. त्यांनी हातमाग मांडले. पुढे हातमागांचे यंत्रमाग झाले. आमच्या लहानपणी गावाला जाग येई ती कोंबड्याने नव्हे, तर मागांच्या खटखटीने. ती खटखट थांबे फक्त शुक्रवारी. आठवड्याचा बाजार त्याच दिवशी आणि मागांची सुट्टीही त्याच दिवशी. आजूबाजूच्या खेड्यांतून अहिराणी बोलणारे शेतकरी येत, पेठेत मराठी चाले, नदीपलीकडे उर्दू. ‘कथा जास रे पोऱ्या?’ आणि ‘किधर चले मियाँ?’ हे दोन्ही प्रश्न आम्हांला एकाच पुलावर ऐकू येत, आणि दोन्हींचे उत्तर बहुधा एकच असे : तालमीत.

आमची तालीम म्हणजे काही मोठी इमारत नव्हती. मारुतीच्या देवळाला लागून पत्र्याची एक ठेंगणी खोली, मधोमध दहा-बारा हातांचा चौकोनी हौद, कोपऱ्यात नाल, मुद्गल, एक दगडी संतोळा, आणि भिंतीवर खुंटीला ओळीने वाळत घातलेले लंगोट. आमच्या भागातली जमीन काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसाळ्यात पायाला धरून ठेवते. कुस्तीच्या ती कामाची नाही. म्हणून तांबडी माती लांबून गाडीने आणावी लागे. ती चाळायची, खडा न् खडा वेचायचा. मग तिच्यात तेल, हळद, लिंबाचा रस, ताक आणि काव घालून ती मुरवायची. रोज पहाटे फावड्याने सबंध हौद उकरायचा आणि पुन्हा सपाट करायचा. नव्या पोराला पहिले दोन महिने दुसरे कामच नसे. ‘माती वळखल्याशिवाय माणूस वळखू येत नाही,’ असे आमचे वस्ताद म्हणत.

वस्ताद बाजारात हमालांचे मुकादम होते. शिक्षण सहीपुरते, पण त्यांच्या तालमीचे नियम एखाद्या गुरुकुलाला लाजवतील असे होते. हौदात उतरण्यापूर्वी चप्पल बाहेर आणि जातही बाहेर. शिवी दिली तर पन्नास बैठका. आखाजीच्या दिवसांत पत्त्यांच्या अड्ड्यावर दिसला तर महिनाभर तालीम बंद. हा शेवटचा नियम फार जड होता. खानदेशाला आणि आमच्या कसमादे पट्ट्याला लागून राहणाऱ्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि ती दिवाळीच्या तोडीची असते. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पितरांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. सालदाराचे साल त्या दिवशी संपते आणि नवे सुरू होते. अशा दिवशी हातात पैसा आलेला मनुष्य पत्ते कुटीत बसला तर त्याला कोणी फारसे बोलत नसे. बोलत ते फक्त आमचे वस्ताद.

वर्ष कसे फिरे ते आम्ही पंचांगावरून नव्हे, तालमीवरून ओळखत असू. नागपंचमीला हौदाची पूजा होई आणि नवी पोरे दाखल होत. श्रावणात कानबाईचे रोट झाले की घरोघरच्या खाण्याने थोरल्या पोरांची वजने वाढत, आणि वस्तादांचा पारा चढे. गणपतीच्या मिरवणुकीत आमची पोरे लेझीम खेळत. मोहरममध्ये पलीकडच्या आखाड्याची पोरे लाठी आणि बनेटीचे हात करीत, आणि ते पाहायला आमचे वस्ताद पहिल्या रांगेत उभे राहत. १९६० च्या मे महिन्यात गामा पहिलवान लाहोरला वारला. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पुरते चार आठवडेही झाले नव्हते. बातमी आली त्या दिवशी दोन्ही तालमींत कोणी फावडे उचलले नाही. १९१० साली लंडनमध्ये गामाने झिबिस्कोला जवळजवळ तीन तास मातीला धरून ठेवले होते आणि कुस्ती बरोबरीत सुटली होती. पुढे १९२८ साली पतियाळ्यात त्याच झिबिस्कोला त्याने मिनिटभराच्या आत चीत केले. ही गोष्ट वस्तादांनी आम्हांला त्या दिवशी पुन्हा सांगितली, आणि सांगताना त्यांचा आवाज ओला झाला. गामा आता परक्या देशाचा होता, हे त्या खोलीत कोणाच्या ध्यानातही आले नाही.

आता खऱ्या दंगलीकडे वळू. मालेगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर चंदनपुरी आहे. खंडेरायाची दुसरी राणी बाणाई, ती या गावची. तिच्यासाठी देव जेजुरी सोडून आला आणि वेष पालटून तिच्या घरी मेंढ्या राखीत राहिला, अशी कथा आहे. देव जर प्रेमासाठी चाकरी करू शकतो, तर माणसाने हमालीची लाज का धरावी, हा या कथेचा अर्थ आम्हांला वस्तादांकडूनच कळला. पौषी पौर्णिमेला तेथे यात्रा भरते. भंडारा आणि खोबरे यांची उधळण होते, आकाश पिवळे होते. याच देवाला मल्लूखान म्हणणारेही भक्त आहेत, तेव्हा यात्रेत कोण आले आणि कोण नाही याची मोजदाद कोणी करीत नसे.

कुस्त्यांचा फड दुपारी लागे. हलगी आणि ढोल सुरू झाला की माणसे आपोआप गोल करून बसत. पुढे पोरे, मागे मोठे, त्यामागे बैलगाड्यांवर आणि झाडांवर उरलेले. प्रथम लहान पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या. जिंकला त्यालाही मूठभर रेवड्या आणि हरला त्यालाही, फक्त मूठ थोडी लहान. मग नारळाच्या, मग रुपया-दोन रुपयांच्या, मग फेट्याच्या, आणि दिवस कलताना चांदीच्या कड्याची. आज मैदानाच्या आधी महिनाभर जोड्या छापून येतात. तेव्हा ज्याला लढायचे तो हात वर करून फडाला एक फेरी मारी. त्याच्या तोडीचा वाटे तो दुसरा उठे. पंच दोघांना शेजारी उभे करीत, दंड चाचपीत, उंची पाहत. वय कोणी विचारीत नसे आणि गाव तर नाहीच. जोड पटली की दोघांच्या मुठीत माती देत. ती एकमेकांच्या अंगावर टाकायची, हात मिळवायचा, आणि खडाखडी सुरू. दोन्ही खांदे मातीला लागले की चीत. तोवर वेळेचे बंधन नाही. नियम थोडे आणि सगळ्यांना पाठ : गळा दाबायचा नाही, डोळ्यांत माती टाकायची नाही, बोट मुरगळायचे नाही.

१९६३ च्या जानेवारीतल्या यात्रेत आम्ही बारा वर्षांचे होतो. नारळ आणि एक रुपया अशा जोडीसाठी आम्ही हात वर केला. समोरून उठला तो पलीकडच्या तालमीचा, मागवाल्याचा मुलगा. अंगाने आमच्याहून सडपातळ, पण मनगटे लोखंडी. पंचांनी जोड लावली. पहिल्या पाच मिनिटांतच आम्हांला कळून चुकले की हा आपल्याला झेपणारा नव्हे. त्याने दोनदा पट काढला, आम्ही दोनदा कसेबसे निसटलो. तिसऱ्या वेळी त्याने आमचे मनगट पकडले ते सुटेना. कुस्ती पाहायला अण्णा, म्हणजे आमचे वडील, आयुष्यात पहिल्यांदाच आले होते. तालुका कचेरीतला हा कारकून मनुष्य, पोराने तालमीत जावे की नाही याबद्दल घरात रोज वाद करणारा, आज झाडाखाली उभा होता. आम्ही त्यांच्याकडे पाहिले. मग आम्ही जे केले ते आजवर कोणत्याही सभेत सांगितलेले नाही. पंच पाठीमागच्या बाजूला होते. आम्ही त्या मुलाची करंगळीशेजारची बोटे मुठीत धरली आणि एक उलटे मुरगळले.

तो ओरडला नाही. त्याची पकड मात्र सुटली. आम्ही त्याच्या पाठीवर गेलो, सवारी भरली, घिस्सा मारला आणि त्याला चीत केला. हलगी कडाडली. कोणीतरी आम्हांला खांद्यावर घेतले. अण्णांनी चार लोकांत आमच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात आम्हांला भाजला. त्या मुलाने पंचांकडे तक्रार केली नाही. उठला, माती कपाळाला लावली, आणि हात पाठीमागे धरून गर्दीत गेला.

पुढचा शुक्रवार आला. पलीकडच्या तालमीचे खलिफा आमच्या तालमीत आले. आमचे वस्ताद आणि ते, दोघांनी तरुणपणी एकमेकांना मातीत लोळवलेले होते, आणि आता एकाच चिलमीवर तंबाखू ओढीत. खलिफांनी कोणावर ठपका ठेवला नाही. चहा पिता पिता एवढेच म्हणाले, की पोराचे बोट सुजले आहे, धाग्याला गाठ मारता येत नाही, घरात कांडी भरायला दुसरा हात नाही. वस्तादांनी कप खाली ठेवला. आमच्याकडे पाहिले. एक शब्द विचारला नाही; आमची मान आधीच खाली गेली होती.

वस्तादांनी आम्हांला मारले असते तर बरे झाले असते. त्यांनी नारळ परत मागितला, रुपया मागितला, आणि सांगितले : ‘बोट बरं होईस्तवर त्याचं काम तू करायचं. शाळा सुटली की पूल वलांडायचा.’

असे आम्ही अकरा दिवस मोसमचा पूल ओलांडून विणकराच्या घरी गेलो. एका खोलीत दोन माग, वर माळा, आणि घरातली सात-आठ माणसे त्या माळ्यावर व मागांच्या मधल्या बोळात झोपत. बोलायचे तर ओरडून, नाहीतर हाताच्या खुणेने. कांडी भरणे म्हणजे चरख्यावर बाण्याचे सूत कांडीवर गुंडाळणे. पाहायला पोरखेळ, पण सूत बोटांच्या चिमटीतून सारख्या ताणाने सोडावे लागते. ढिले सुटले तर धोट्यात अडकते, ताणले तर तुटते. पहिल्या दिवशी आम्ही भरलेल्या कांड्यांपैकी निम्म्या त्याच्या आजीने मुकाट्याने उलगडून पुन्हा भरल्या. तुटलेल्या धाग्याची गाठ एका हाताने कशी मारतात, हे त्या मुलाने आम्हांला शिकविले. दुसऱ्या हाताला पट्टी होती. त्या घरात मजुरी नगावर होती. जितके कापड, तितके पैसे. बोट एक दिवस थांबले तर भाकरी किती थांबते, हा हिशेब आम्ही तेथे शिकलो. शाळेतल्या अंकगणितात तो नव्हता. आजीला आमचा गुन्हा माहीत होता की नाही, हे आम्हांला कधीच कळले नाही. ती रोज निघताना आमच्या हातावर रोटी आणि गूळ ठेवी.

बोट बरे झाले. पण सरळ झाले नाही. शेवटचे पेर थोडे वाकडेच राहिले. बाराव्या दिवशी खलिफांच्या तालमीत, प्रेक्षकांवाचून, हलगीवाचून, आमची कुस्ती पुन्हा लावली गेली. ती किती वेळ चालली हे सांगायला घड्याळाची गरज नाही. त्याने ढाक लावली आणि आम्ही पत्र्याचे छप्पर पाहू लागलो. आमच्या वस्तादांनी तो नारळ त्याच्या हातात दिला. त्याने तो तेथेच फोडला आणि पहिला तुकडा आम्हांला दिला.

मंडळी, ही गोष्ट येथे संपली असती तर ती पाठ्यपुस्तकात शोभली असती. पण आयुष्य तात्पर्यावर थांबत नाही. तो मुलगा आमच्यापेक्षा सरस पहिलवान होता, यात शंका नाही. पण दोन वर्षांनी तो तालमीत यायचा बंद झाला. थोरल्या भावाबरोबर तो रात्रपाळीला मागावर उभा राहू लागला. रात्रभर उभा राहिलेला मनुष्य पहाटे जोर मारू शकत नाही. दुसरे असे, की कुस्तीला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम या गोष्टी मातीत उगवत नाहीत. आमच्या घरी एक म्हैस होती. त्यांच्या घरी चहापुरते दूध येई. आखाड्यात जात नाही, धर्म नाही असे आम्ही अभिमानाने सांगतो, आणि ते खोटे नाही. पण आखाड्याच्या दाराबाहेर म्हैस उभी असते, आणि ती कोणाच्या दारची हे पाहून निम्म्या कुस्त्यांचा निकाल आधीच लागलेला असतो.

कोल्हापूरची गोष्ट निराळी झाली, कारण तेथे राजा होता. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खुराक दिला, आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. आमच्या बाजूला राजा नव्हता. होती ती यात्रेची वर्गणी, एखादा उदार व्यापारी आणि वस्तादांची हमाली. आणि राजे गेल्यावर कोल्हापूरकडेही काय झाले? खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी ब्राँझपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तेथवर जायला पैसे नव्हते, आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आम्ही खाशाबांचे नाव घेतो तेव्हा त्या गहाणखतालाही नमस्कार करतो. प्रत्येक खाशाबाला असा खर्डेकर भेटत नाही. आमच्या मागवाल्याच्या पोराला भेटला नाही, आणि त्याचे नाव कोणत्याही यादीत नाही.

पुढे कुस्तीला संघटित रूप आले. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळांनी राज्य कुस्तीगीर परिषद स्थापिली. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. आता मातीचा एक विभाग आणि गादीचा एक विभाग असतो. २०२० साली आमच्या नाशिक जिल्ह्याकडून उतरलेल्या हर्षवर्धन सदगीरने ती गदा जिंकली, तेव्हा आम्ही म्हाताऱ्यांनी पेढे वाटले. आम्ही गादीचे शत्रू नाही. जगाची कुस्ती गादीवर चालते. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुणांचा हिशेब. ज्याला तेथे जायचे त्याने मातीच्या प्रेमाने मागे राहू नये. आणि आणखी एका बाबतीत आजचे दिवस आमच्या दिवसांहून निःसंशय चांगले आहेत. आमची धाकटी बहीण कडब्याच्या गंजीवर आम्हांला लीलया पाडी. पण तिला तालमीचा उंबरा ओलांडण्याची मुभा नव्हती. तिच्या वाट्याला आखाजीचा झोका होता आणि आमच्या वाट्याला आखाडा. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी ती जिंकली. ते वाचून आमची बहीण एवढेच म्हणाली, ‘साठ वर्षं उशीर केलात.’

उशिराची गोष्ट निघाली, म्हणून शेवटचे सांगतो. ते सांगण्यासाठीच खरे तर आम्ही हा विषय घेतला.

२००१ च्या ऑक्टोबरात आमच्या गावात ती दुसरी दंगल झाली. संचारबंदी लागली. नदीच्या दोन काठांवर दोन गावे झाली. आम्ही तेव्हा पन्नाशीत होतो, घर गावातच होते. संचारबंदी उठली, बाजार भरू लागला, माग चालू झाले. आमच्या मनात रोज येई, की पलीकडे जाऊन यावे, तो कसा आहे पाहावे. आणि रोज काहीतरी सबब निघे. कधी घरचे नको म्हणत, कधी आम्हीच म्हणत असू की दोन दिवस जाऊ देत. खरे कारण भीती होते, आणि भीतीपेक्षाही लाज : जाऊन बोलायचे काय? असा महिना गेला. पूल तोच होता. बारा वर्षांच्या पोराला रोज ओलांडता आला तो पूल पन्नास वर्षांच्या गृहस्थाला महिनाभर ओलांडता आला नाही.

शेवटी एका शुक्रवारी आम्ही गेलो. तो दारातच बसला होता. केस पांढरे, छातीत कापसाची धूळ बसून झालेला खोकला. आम्हांला पाहून उठला, हात पुढे केला, आणि ते वाकडे बोट आमच्या हातात आले. चहा मागवला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, ‘देर कर दी भाई. तब तो ग्यारह दिन रोज आते थे.’

पुढे २००६ च्या सप्टेंबरात शबे-बारातच्या दिवशी स्फोट झाले, आणि २००८ मध्ये पुन्हा झाले. त्या दोन्ही वेळी आम्ही पहिल्याच मोकळ्या दिवशी पुलावर होतो. याचे श्रेय आमच्या थोरपणाला नाही. एकदा चीत झालेला मनुष्य तोच डाव पुन्हा खात नाही, इतकेच. तो मित्र आता हयात नाही. त्याच्या जनाज्याला आम्ही गेलो, आणि रिवाजाप्रमाणे मूठभर माती दिली. मुठीत माती घेताना आम्हांला चंदनपुरीचा फड आठवला. तेथेही आम्ही एकमेकांवर मूठभर मातीच टाकली होती.

श्रोतेहो, कुस्ती खेळल्याने दंगली थांबतात असे भाबडे विधान आम्ही करणार नाही. आखाड्यातली पोरेही चुकीच्या बाजूला गेलेली आम्ही पाहिली आहेत. बळ कोणत्याही कामाला लावता येते. पण तालमीने एक गोष्ट आम्हांला दिली होती, आणि ती भाषणांनी देता येत नाही. ज्याच्याशी झुंजायचे त्याच्या अंगाला अंग लावावे लागते. त्याचा घाम, त्याचा श्वास, त्याच्या मनगटाची ताकद जवळून कळते. दुरून दगड मारणाराला यातले काही कळत नाही. आणि वस्ताद होते. पंचांना न दिसलेली चूक त्यांना दिसे, आणि शिक्षा म्हणून ते पोराला दुसऱ्याच्या घरी कामाला पाठवीत. असे पाठविणारे आज गावात किती आहेत?

आमची तालीम अजून उभी आहे. पत्रा गंजला आहे. पण पहाटे पाच-सहा पोरे येतात. माती बदलायची आहे, त्यासाठी आम्ही वर्गणी काढली आहे, आणि त्यातून दोन पोरांच्या दुधाची सोय करायची आहे. एक पोरगा अलीकडचा आणि एक पलीकडचा, अशी अट आम्ही मुद्दाम घातलेली नाही. सध्या जे दोघे चांगले आहेत ते तसे आहेत, एवढेच. येत्या पौषी पौर्णिमेला आपल्यापैकी ज्यांना सवड असेल त्यांनी मालेगावी यावे. आमच्या गावची दंगल दाखवायला आम्ही आपल्याला घेऊन जाऊ.